रंगवलेल्या जुन्या ट्रकचा सेल्फ नुसता ‘टक्’ करतो? माझा अनुभव

रत्नागिरीत आमचा जुना बिनफाळक्याचा बेडफोर्ड रंगवून विकायला काढला. गिऱ्हाईक आलं की सेल्फ नुसता ‘टक्’. बॅटरी नवी घातली, सेल्फचे कार्बन ब्रश बदलले. काही फरक नाही. दोन शौकीन परत गेले, जीव नुसता वैतागला.

शेवटी मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या अर्थकडच्या, म्हणजे चासीला जोडलेल्या, टोकाला (जुन्या ब्रिटिश गाड्यांत ते पॉझिटिव्हही असतं, आधी बघा), दुसरी इंजिन ब्लॉकला लावून भाच्याला सेल्फ मारायला सांगितलं. १.८ व्होल्ट! अर्ध्या व्होल्टच्या आत हवा, म्हणजे अर्थच्या जोडातच वीज अडत होती. चासी आणि गिअरबॉक्स जोडणारी अर्थची पट्टी आम्हीच हौसेने चढवलेल्या रंगावर आवळलेली, त्यात खारी हवा.

आधी बॅटरीची अर्थची तार काढली. पट्टी सोडली, चासीवर बोल्टभोवतीचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत पत्र्यापर्यंत खरवडला, गिअरबॉक्सकडचं टोकही घासलं. दातेरी वॉशर घालून आवळलं, वरून व्हॅसलीन. तार सर्वात शेवटी जोडली. आता ०.२ व्होल्ट, पहिल्या सेल्फला चालू.