ओंटारिओला निघालेल्या ठाणेकरांस

दरवर्षी डिसेंबरात मी नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी महिनाभर राहायला येतो आणि तेवढ्या मुक्कामात ठाणे, ऐरोली, नेरूळ, खारघर इथून पाच-सहा कुटुंबे तरी भेटून जातात. कोणाच्या हाती कॅनडाच्या पीआरचे, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवानगीचे, पत्र नुकतेच पडलेले असते, तर कोणाचे विमान पुढच्याच महिन्यात असते. थंडीचे कपडे इथून घ्यावेत की तिथे, गोडा मसाला किती न्यावा, कुकर चालेल का, असे त्यांचे प्रश्न असतात. सेटलमेंट केंद्राबद्दल मात्र आजवर एकानेही आपणहून विचारलेले नाही. २००९ साली निघताना मीही ते विचारले नव्हते आणि त्याची मोठी किंमत मोजली, म्हणून हे लिहीत आहे.

कॅनडाचे केंद्र सरकार नव्याने आलेल्यांना स्थिरावता यावे म्हणून सेवाभावी संस्थांना पैसे देते आणि त्या संस्था ही केंद्रे चालवतात. त्यांपैकी कोस्टी ही इटालियन स्थलांतरितांनी सुरू केलेली संस्था टोरांटो परिसरात जुनी आणि जाणती आहे. वायएमसीएचीही अशी केंद्रे आहेत. तिथला सेटलमेंट वर्कर तुमच्याशी तासभर बसून बोलतो, घर, शाळा, आरोग्य, नोकरी, भाषा यांची गरज समजून घेतो आणि पुढे कोणाकडे जायचे ते लिहून देतो. यासाठी एक डॉलरही लागत नाही. नोकरीसाठी लागणारा सोशल इन्शुरन्स नंबर आणि ओंटारिओचे आरोग्य कार्ड हेही विनामूल्य मिळते, त्यामुळे या कामांचे ‘पॅकेज’ कोणी विकत असेल, मग तो वाशीतला एजंट असो वा तिथला ओळखीचा माणूस, तर त्याला पैसे देऊ नका.

आपली माणसे तिथे जात नाहीत, याचे कारण मला ठाऊक आहे. ‘आपल्याला इंग्रजी येते, आपण शिकलेले आहोत, ती सोय निर्वासितांसाठी आहे,’ असे अनेक सुशिक्षित मराठी घरांत आजही बोलले जाते आणि ते ऐकून मला वाईट वाटते. केंद्राच्या प्रतीक्षाकक्षात माझ्या शेजारी बसलेला श्रीलंकन तमिळ गृहस्थ जाफन्यात शिक्षक होता. युद्धात घर गेले, एवढाच त्याच्या आणि माझ्या येण्यातला फरक होता. ठाणे जिल्ह्यातल्या माणसाने तरी निर्वासित हा शब्द हलका मानू नये. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली, त्या छावणीचेच पुढे उल्हासनगर झाले, आणि आपण अजूनही त्याला सवयीने कँप म्हणतो. कॅनडात १९७९ पासून नागरिकांचे गट स्वतः पैसे उभे करून निर्वासित कुटुंबांना बोलावतात आणि साधारण वर्षभर त्यांची जबाबदारी घेतात. या कामासाठी १९८६ साली कॅनडाच्या जनतेला संयुक्त राष्ट्रांचे, निर्वासितांच्या सेवेसाठी दिले जाणारे नान्सेन पदक मिळाले. ज्या व्यवस्थेने त्या कुटुंबांना सांभाळले, तीच तुमच्यासाठीही उघडी आहे.

आता माझ्या चुकीबद्दल, आणि हे कृपया दोनदा वाचा. आपल्याकडे अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्सचा करार आणि काही महिन्यांचे डिपॉझिट ही रीत अंगवळणी पडलेली असते. टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या ज्या बेसमेंटमध्ये आम्ही राहायला गेलो, त्याचा मालक मराठी होता, ओळखीतून मिळालेला होता, आणि त्याने महिना ८५० डॉलर भाड्यावर पाच महिन्यांचे डिपॉझिट रोख मागितले, तेव्हा मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. पावती मागणे मला परक्या मुलखात भेटलेल्या आपल्या माणसावर अविश्वास दाखवण्यासारखे वाटले. तेराव्या महिन्यात आम्ही घर सोडले आणि दुरुस्तीचे कारण सांगून त्याने सगळे ४,२५० डॉलर ठेवून घेतले. त्यानंतर महिन्याभराने मुलीच्या शाळेत एक सेटलमेंट वर्कर भेटल्या. ओंटारिओच्या पुष्कळ शाळांत त्या नवागत पालकांसाठी बसतात, हेही मला त्या दिवशीच कळले. त्यांनी मला विनामूल्य कायदा सल्ला केंद्राकडे पाठवले आणि तिथे समजले, की ओंटारिओच्या भाडेकरू कायद्यानुसार मालकाला डिपॉझिट म्हणून फार तर एका महिन्याचे भाडे घेता येते, तेही शेवटच्या महिन्याच्या भाड्यापोटी. नुकसानभरपाईचे डिपॉझिट घेताच येत नाही. आणि बेकायदा घेतलेली रक्कम परत मागण्याचा अर्ज ती घेतल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. मी पैसे देऊन चौदा महिने झाले होते. पहिल्या आठवड्यात सेटलमेंट केंद्रात अर्धा तास गेलो असतो, तर आमच्या गंगाजळीचा एक तृतीयांश भाग वाचला असता.

म्हणून भाड्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो कागद सेटलमेंट वर्करला दाखवा. २०१८ च्या एप्रिलअखेरीपासून बहुतेक घरांना सरकारी नमुन्यातला भाडेकरार बंधनकारक आहे, तोच मागा. पावती मागितल्यास मालकाला ती विनामूल्य द्यावी लागते. कराराची मुदत संपली म्हणून घर सोडावे लागत नाही, तो महिन्यामागून महिना आपोआप चालू राहतो. मात्र मालकाच्या कुटुंबाबरोबर स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर वाटून घेत असाल, तर हे संरक्षण लागू होत नाही, आणि स्वस्तात खोली देणारी ओळखीची माणसे बहुधा अशीच जागा देतात.

केंद्र सरकारच्या पैशावर चालणाऱ्या या सेवा पीआर मिळालेल्यांना आणि निर्वासित म्हणून मान्यता मिळालेल्यांना आहेत. नागरिकत्व घेतल्यावर त्या बंद होतात, त्यामुळे ‘सवडीने जाऊ’ म्हणू नका. विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्या मुलांना त्या सहसा मिळत नाहीत; त्यांनी आपल्या कॉलेजचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय गाठावे आणि बाकी अडचणींसाठी स्थानिक मदतसेवांची माहिती देणारा २११ हा दूरध्वनी क्रमांक लावावा. विद्यार्थ्यांच्या पालकांना आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. शिक्षण संपत आले, की ‘निर्वासित म्हणून दावा टाक, राहायला मिळेल’ असा सल्ला मिळालेले दोन तरुण माझ्याकडे आले होते. खोटा दावा हा गुन्हा आहे, पुढचे सगळे अर्ज त्याने धोक्यात येतात, आणि ज्यांचा जीव खरोखर धोक्यात आहे त्यांची सुनावणी त्यामुळे लांबते. पैसे घेऊन असा सल्ला देणारा माणूस अधिकृत आहे का, हे इमिग्रेशन सल्लागारांच्या ‘कॉलेज’च्या, म्हणजे त्यांच्या नियामक संस्थेच्या, जाहीर नोंदवहीत पाहता येते.

नवागतांना इंग्रजी शिकवणाऱ्या ‘लिंक’ नावाच्या सरकारी वर्गांविषयी थोडेच लिहितो. ते १९९२ पासून चालू आहेत, विनामूल्य आहेत आणि काही ठिकाणी वर्ग चालू असताना लहान मुलांना सांभाळण्याचीही सोय असते. तुमचे इंग्रजी चांगले असेल, तर कामाच्या ठिकाणच्या इंग्रजीचे वरच्या पातळीचे वर्ग विचारा.

महाराष्ट्र मंडळात अवश्य जा, गणपतीला आणि दिवाळीला तिथे जे मिळते ते केंद्रात मिळत नाही. परंतु परवाना, कर आणि भाडेकायदा यांबाबत मंडळातल्या ऐकीव माहितीवर चालू नका, कारण सांगणाऱ्याचा अनुभव बहुधा पंधरा वर्षांपूर्वीचा असतो. अभियंत्यांना आजही ‘कॅनडातला वर्षभराचा अनुभव असल्याशिवाय परवाना नाही’ असे सांगितले जाते, पण ओंटारिओच्या अभियंता परवाना संस्थेने ती अट मे २०२३ मध्ये काढून टाकली. चार वर्षांच्या अनुभवाची अट कायम आहे, पण तो भारतातलाही चालतो.

निघण्यापूर्वी मुंबई विद्यापीठातून मोहोरबंद ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, मिळवा, कारण ते काम तिथून करणे फार जिकिरीचे होते. पीआर मंजुरीचे पत्र आले, की प्रस्थानपूर्व सेवाही विनामूल्य मिळतात. त्या ऑनलाइन असल्याने ठाण्यातूनच घेता येतात, आणि उतरल्यावर कोणत्या केंद्रात जायचे तेही त्यांच्याकडूनच विचारून ठेवता येते. पहिल्या भेटीला पासपोर्ट आणि पीआरची कागदपत्रे न्या, आणि पती-पत्नी दोघेही जा. आमच्या घरात मी एकट्याने नाव नोंदवले आणि पत्नीची नोंद दोन वर्षे झाली नाही. बँकेतला बारा वर्षांचा अनुभव असूनही तेवढा काळ ती गोदामात पेट्या भरत राहिली. नोंद प्रत्येकाची स्वतंत्र होते, तेव्हा वर्करसमोर दोघांनीही आपापले शिक्षण आणि काम स्वतः सांगावे.