आधी ट्रॉलर, मग तोफ

मासेमारीच्या बोटीची युद्धनौका झालेलं मॉडेल करायचं असेल, तर तोफेचे भाग आधी डब्यात बंद करून ठेवा. हे मी अनुभवाने सांगतोय. माझा पहिला ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत मासे धरणारी बोट, मी थेट नौदलाचा म्हणूनच बांधला. तोफ, डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब), राखाडी रंग, सगळं जागच्या जागी होतं. पण मासे धरणारी बोट त्यात कुठेच दिसेना. दुसऱ्या वेळी मी आधी साधा ट्रॉलर पूर्ण केला आणि मग गोदीत करायचे तसे बदल केले. तेव्हा कुठे ते जमलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाने हल, ग्रिम्सबी, ॲबर्डीन या बंदरांतले वाफेवरचे ट्रॉलर ताब्यात घेतले. त्यांवरचे बरेच खलाशीही मासेमारीतलेच होते. सुरुवातीला रेव्हेलचं १/१४२ प्रमाणातलं उत्तर समुद्रातल्या ट्रॉलरचं किट चांगलं. खालची मापं त्याच प्रमाणाची आहेत.

आता ठरवा, तुमची बोट पाणबुड्यांच्या मागावर जाणार की पाणसुरुंग काढणार. यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. पाणसुरुंगवाली असेल तर व्हीलहाऊससमोरच्या (सुकाणूच्या खोलीसमोरच्या) विंचला, म्हणजे तार गुंडाळणाऱ्या यंत्राला, हात लावू नका. जाळं ओढणारं तेच विंच सुरुंगाचे दोर कापणारी तार ओढायला वापरलं जाई. तार बाजूला पसरवणारी फळीसुद्धा जाळ्याचं तोंड उघडं ठेवणाऱ्या फळीचीच बहीण. तारेच्या टोकाला तरंगणाऱ्या माशासारख्या फ्लोटला 'ओरोपेसा' म्हणत, तेही एका ट्रॉलरचंच नाव. मला या बोटींमध्ये सर्वात जास्त हेच आवडतं: कोळ्यांचं कसब जसंच्या तसं कामाला आलं. म्हणून हा फ्लोट मागच्या डेकवर नीट दिसेल असा ठेवा.

पाणबुडीवाली असेल तर कठड्याजवळच्या, जाळ्याच्या तारांसाठीच्या लोखंडी कमानी कापून काढा. मात्र कापल्याच्या खुणा पूर्ण घासून टाकू नका. तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटची छोटी चौकट चिकटवा, ठिगळ लावल्यासारखी. रंग बसल्यावर इथे पूर्वी काहीतरी होतं, हे नजरेला लगेच कळतं. मासे साठवायच्या खणात आता माणसं राहणार, तेव्हा त्याच्या झाकणापाशी जिन्याची पेटी आणि हवेच्या एक-दोन नळ्या द्या.

मग डबा उघडा. पुढे १२ पौंडी तोफ उंच गोल मचाणावर बसते, थेट डेकवर नाही. नळी खऱ्या मापात साधारण ३ मीटर, म्हणजे आपल्याला २१ मिमी. इंजेक्शनच्या जाड सुईचा तुकडा उत्तम. मचाणाखाली टेकू द्यायला विसरू नका, मासेमारीसाठी बांधलेल्या डेकवर तोफेचा भार पेलायचा होता. डेप्थ चार्जचं पिंप खऱ्या मापात ४४५ मिमी व्यासाचं, त्यामुळे ३ मिमीची प्लॅस्टिक काडी घ्या आणि ५ मिमीचे तुकडे पाडा. काडीच्या पुढे एक अडसर चिकटवून ठेवला की सगळे तुकडे सारखे पडतात.

चुंबकीय सुरुंगांपासून बचावासाठी काही बोटींच्या हल्लभोवती, म्हणजे बोटीच्या मुख्य धडाभोवती, बाहेरून केबल फिरवलेली असे. फोटोत दिसली तरच करा. मी पहिल्यांदा साधा दोरा लावला आणि प्रायमर मारल्यावर त्याचे तंतू दाढीसारखे उभे राहिले. दोरा आधी मेणावरून दोनदा ओढून घ्या, नाळेपासून सुरू करा आणि दर दोन सेंटिमीटरवर सुपरग्लूचा टिपका सुईच्या टोकाने द्या.

रंगात घाई नको. आधी काळं हल्ल आणि तपकिरी व्हीलहाऊस असा कोळी रंग द्या, वर पातळ राखाडी. कठड्याच्या कडा आणि विंचभोवती तो राखाडी ओल्या काडीने हळूच पुसा, खालचा काळा डोकावू द्या. मासेमारीचा नोंदणी क्रमांक आता नको, त्याऐवजी नाळेजवळ 'एफ वाय' अक्षरांचा नौदलाचा क्रमांक येईल. डोलकाठ्यांमधली बिनतारी संदेशाची तार अगदी शेवटी लावा, ताणलेल्या स्प्रूची, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिक चौकटीला जोडलेले येतात तिच्या तुकड्याची. आधी लावली तर क्रमांक रंगवताना हाताला लागून ती हमखास तुटते.