वादळात वीज गेली की इलेक्ट्रिक ट्रकवर घर चालवताना
अमेरिकेत हरिकेनच्या पट्ट्यात राहत असाल आणि दारात फोर्डचा एफ-१५० लाइटनिंग हा इलेक्ट्रिक पिकअप ट्रक असेल, तर वेगळ्या जनरेटरची गरज सहसा पडत नाही. बाहेरच्या उपकरणांना एकूण ९.६ किलोवॉट वीज देणाऱ्या मॉडेलमध्ये मागच्या हौद्यात २४० व्होल्ट, ३० अँपिअरचं सॉकेट असतं, त्यातून ७.२ किलोवॉट मिळतात. तिथून १० गेज जाडीची, चार पिनांची केबल घराबाहेरच्या इनलेट बॉक्सला, म्हणजे बाहेरची वीज घरात घेण्याच्या सॉकेटला लावायची.

घोटाळा होतो तो न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा. ट्रकमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग जोडलेलं असतं, घराच्या पॅनलमध्येही. परतीचा करंट दोन वाटांनी फुटतो, ट्रकच्या जीएफसीआयला (गळती दिसताच वीज तोडणाऱ्या सुरक्षा स्विचला) ती गळती वाटते आणि तो लगेच ट्रिप होतो. ग्रिड आणि ट्रकचे ब्रेकर एकाच वेळी चालू होऊ न देणाऱ्या साध्या इंटरलॉक पट्टीने हे सुटत नाही. घर ग्रिडवरून ट्रकवर वळवताना न्यूट्रलही तोडणारा ट्रान्स्फर स्विच परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. अर्थिंगची पिन काढायचा जुगाड अजिबात नको. कपडे वाळवायच्या ड्रायरच्या सॉकेटमधून उलटी वीजही कधी सोडू नका, तारांवर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल.

वादळाआधी बॅटरी १०० टक्के भरा. वीज गेल्यावर आधी सगळे ब्रेकर बंद, मग स्विच ट्रकवर, मग एकेक ब्रेकर चालू. मोठ्या बॅटरीत १३१ युनिट असतात. फ्रिज, दिवे, पंखे, राउटर मिळून दिवसाला १० युनिट धरले, तर प्रवासापुरता चार्ज राखूनही आठवडा निघतो. सेंट्रल एसी मात्र सुरू होतानाच ओव्हरलोड करू शकतो. सुरुवातीचा झटका कमी करणारा सॉफ्ट स्टार्टर लागेल.

ट्रक उंचावर उभा करा. २०२२च्या इयान वादळानंतर फ्लोरिडात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांनी पेट घेतला होता.