हरणाच्या सीझनआधी रायफल तपासताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणाची शिकार सुरू होते, मग वार कोणताही असो. विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार. त्या तारखेच्या अलीकडचा शनिवार-रविवार म्हणजे तिथल्या प्रत्येक रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) रांगा. वर्षभर कपाटात उभी असलेली रायफल बाहेर येते, २५ यार्डांवर दोन-तीन बार होतात, कागदाला भोके पडलेली दिसली की "लागतंय बरोबर" म्हणून ती गाडीत जाते. याला तपासणी म्हणत नाहीत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीची वाट बंद झाली, आणि ते योग्यच झाले. त्यामुळे अमेरिकेत आलेल्या आपल्या पिढीला हे काम घरातल्या कोणाकडून शिकायला मिळालेले नसते. ऑफिसातला एखादा सहकारी सोबत नेतो आणि तो सांगेल तेवढेच आपल्याला कळते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. गोळी पूर्णपणे हुकली तर हरीण पळून जाते आणि विषय संपतो. पण ती पोटात किंवा मांडीत बसली, तर ते जनावर कित्येक तास तडफडते आणि पुष्कळदा सापडतही नाही. ज्याला हे टाळायचे आहे त्याने सगळे नीट तपासूनच रानात जावे.

२५ यार्डांवर काम आटोपणे

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. स्कोप (रायफलीवरची नेमाची दुर्बीण) नळीच्या साधारण दीड इंच वर बसलेला असतो. गोळी खालून निघते, नजरेची रेघ ओलांडून वर जाते आणि पुढे कुठेतरी पुन्हा खाली येते. .३०८ विंचेस्टरचे १५० ग्रेनचे (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) नेहमीचे काडतूस २५ यार्डांवर बरोबर मध्यावर लागत असेल, तर १०० यार्डांवर ते सुमारे अडीच-तीन इंच वर लागेल. जवळचे टार्गेट फक्त गोळी कागदावर आणण्यापुरते वापरा. लेझरच्या बोअरसायटरचेही (नळीचा रोख प्रकाशाने दाखवणारे उपकरण) तेच. त्याने सुरुवात होते, झिरो (नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळणी) होत नाही. रायफल शेवटी १०० यार्डांवरच झिरो करायची.

क्लिकचा हिशेबही इथेच चुकतो. बहुतेक स्कोपवर एक क्लिक (फिरकीचा एक टप्पा) म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. तोच क्लिक ५० यार्डांवर अर्धा होतो आणि २५ यार्डांवर इंचाचा सोळावा भाग. म्हणजे २५ यार्डांवर गोळी एक इंच डावीकडे जात असेल तर चार नव्हे, सोळा क्लिक लागतात. चार क्लिक फिरवून "स्कोप हलतच नाही" असे म्हणणारे लोक रेंजवर नेहमी दिसतात. स्कोप चांगला असतो, भागाकार राहिलेला असतो.

१०० यार्डांवर झिरो केल्यावर हेच काडतूस २०० यार्डांवर सुमारे ४ इंच आणि ३०० यार्डांवर सुमारे १४ इंच खाली जाते. हे आकडे काडतुसागणिक बदलतात, म्हणून डब्यावरच्या तक्त्यावर विसंबू नका. रेंजवर २०० यार्डांची सोय असेल तर तिथे स्वतः झाडून पाहा. सोय नसेल तर त्या अंतरावरच्या हरणावर बार टाकू नका.

गोळी हुकली की लगेच स्कोप फिरवणे

एक गोळी झाडली, दोन क्लिक फिरवले, दुसरी झाडली, पुन्हा तीन क्लिक. असे करत राहिलात तर काडतुसांचा डबा संपेल आणि रायफल होती तिथेच राहील. आधी एकाच बिंदूवर नेम धरून तीन गोळ्या झाडा, शक्यतो पाच. मग त्या कशा पडल्या आहेत ते पाहा.

गोळ्या एकमेकींजवळ पण मध्यापासून लांब पडल्या असतील तर चिंता नाही. त्या घोळक्याचा मध्य धरून स्कोप फिरवा. पण त्या विखुरलेल्या असतील तर टरेटला (स्कोपच्या फिरकीला) हात लावण्यात अर्थ नाही, दोष दुसरीकडे आहे. आधी स्क्रू बघा. रिंगांचे स्क्रू, बेसचे स्क्रू, दस्ता आणि ॲक्शन (काडतूस भरण्या-उडवण्याची यंत्रणा) जोडणारे स्क्रू. टॉर्क रेंच घ्या आणि कंपनीने दिलेल्या मापाइतकेच आवळा. रिंगांसाठी ते माप पुष्कळदा १५ ते १८ इंच-पौंड असते. मनगटाच्या अंदाजाने आवळले तर स्क्रू सैल तरी राहतात किंवा स्कोपची नळी चेपते. दोन वेगवेगळे घोळके पडत असतील, म्हणजे काही गोळ्या इथे आणि काही तिथे, तर स्कोप जागेवरून सरकतो आहे असा संशय घ्या.

पहिल्या दोन गोळ्या ठीक आणि पुढे नळी तापेल तशी प्रत्येक गोळी एकाच दिशेला सरकते आहे? मग नळी कुठेतरी दस्त्याला घासत असण्याची शक्यता मोठी. मोकळ्या नळीची (जिची नळी दस्त्याला टेकू नये अशी) रायफल असेल तर नळी आणि दस्ता यांच्यामधून एक कागद सरकवून पाहा. अडकला तर जागा सापडली. रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवताना लाकडाचा किंवा प्लास्टिकचा पुढचा भाग टेकवा, नळी कधीच टेकवू नका. टेकवली की गोळी वर जाते.

गोळ्या उभ्या रेषेत पसरत असतील तर श्वास आणि पिशवीवरची पकड तपासा. आडव्या पसरत असतील तर वारा आणि चाप ओढण्याची सवय. धक्क्याची धास्ती हे तर फार मोठे कारण, आणि ते कबूल करायला कोणीच तयार नसते. मित्राला सांगा, तुमच्या नकळत कधी भरलेले तर कधी डमी काडतूस ठेव. डमीवर चाप ओढताना नळीचे तोंड खाली गेले, तर दोष रायफलीत नाही.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. स्क्रू आवळले, काडतूस बदलले, पिशवीही बदलली, मग गोळ्या जवळ आल्या तरी कशामुळे आल्या ते कळणार नाही.

"काडतूस सारखेच तर आहे"

सारखे नसते. १५० ग्रेनवर झिरो केलेली रायफल १८० ग्रेनला वेगळीकडे मारते. वजन तेच ठेवून कंपनी बदलली तरी फरक पडतो. तांब्याची गोळी शिशाच्या गोळीपेक्षा त्याच वजनाला लांब असते आणि तिची तऱ्हा वेगळी. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सगळ्याच शिकारीला शिसेमुक्त गोळी सक्तीची आहे, त्यामुळे तिथे जाणाऱ्याने तांब्यावरच पुन्हा झिरो करायला हवे. सोपा उपाय म्हणजे एकाच लॉटचे (एकाच खेपेत बनलेले) तीन-चार डबे सुरुवातीलाच घ्यावेत, झिरोही त्यांवर करावा आणि रानातही तेच न्यावेत. लॉट नंबर डब्यावर छापलेला असतो.

सरावाला स्वस्त म्हणून घेतलेली पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी हरणावर वापरू नका. ती न पसरता आरपार जाते, जखम अरुंद राहते आणि जनावर दूरवर पळते. अनेक राज्यांत ती कायद्यानेही चालत नाही.

आता चुकीच्या काडतुसाबद्दल. इथे निशाणा हुकण्यावर भागत नाही, हात जातो. .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या मॅगझीनमध्ये बसते आणि पुष्कळदा चेंबरमध्येही (नळीच्या मागची काडतूस बसण्याची जागा) शिरते. तिथे जाड गोळीला बारीक नळीतून वाट नसते आणि रायफल फुटते. एकाच धर्तीच्या दोन रायफली घरात असतील तर मॅगझीनना वेगळ्या रंगाची पट्टी लावा आणि दोन्ही काडतुसे एका वेळी टेबलावर ठेवू नका. शॉटगनमध्ये गेजचा आकडा मोठा तशी नळी बारीक, म्हणून २० गेजचे काडतूस १२ गेजच्या नळीत घसरून पुढे अडकते, वरून १२ गेजचे भरले जाते, आणि पुढचे सांगायला नको. २० गेजची काडतुसे पिवळी करतात ती याचसाठी. ठासणीच्या बंदुकीत तिच्यासाठी सांगितलेलीच दारू घाला. काडतुसातली आधुनिक धूररहित दारू साध्या ठासणीच्या बंदुकीत घातली तर नळी फुटते.

राज्याचा नियमही काडतूस घेण्याआधीच पाहा. ओहायोमध्ये हरणाला निमुळत्या मानेची नेहमीची रायफल काडतुसे चालत नाहीत, सरळ भिंतीची लागतात. .३५० लेजंड आणि .४५० बुशमास्टर ही तशी काडतुसे तिकडे एवढी चालतात ती त्यामुळेच. शेजारच्या राज्यातल्या मित्राकडे जाताना आपली निमुळत्या मानेच्या काडतुसाची .२७० घेऊन निघाल्यावर हे कळले तर सगळी तयारी वाया.

बार फुसका वाटला, आवाज दबका आला, धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. रायफल रिकामी करा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) काढा आणि नळी आरपार दिसते का बघा. गोळी आत अडकली असेल आणि वर दुसरी झाडलीत तर नळी फुटेल. चाप ओढला आणि काहीच झाले नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. रेंजवर ही दोन्ही वाक्ये प्रत्येकाला पाठ हवीत.

पहिली थंड गोळी विसरणे

रेंजवरची पाचवी-सहावी गोळी मध्यावर लागली याला रानात किंमत नाही. तिथे तुम्हाला पहाटेच्या थंडीत, गार नळीतून, एकच गोळी मिळते. ती कुठे जाते हे माहीत असायला हवे. नळी साफ करून तेल लावून ठेवली असेल तर पहिली गोळी पुष्कळदा बाकीच्यांपासून वेगळी पडते. म्हणून झिरो पक्का झाल्यावर नळी घासू नका, सीझन संपेपर्यंत तशीच राहू द्या. मग वेगवेगळ्या सकाळी रेंजवर जा, एकच थंड गोळी झाडा, तिच्या भोकाशेजारी तारीख लिहा. सगळ्या तारखा जवळजवळ पडल्या की त्या रायफलीवर विश्वास ठेवा.

बोल्टमधले जाड तेल किंवा ग्रीस शून्याखालच्या तापमानात घट्ट होते, फायरिंग पिन (काडतुसावर आपटून ते पेटवणारी सुई) मंदावते आणि काडतूस पेटत नाही. थंडीच्या आधी बोल्ट पुसून जवळपास कोरडा करा. रायफल गार गाडीतून तापलेल्या केबिनमध्ये आणली की तिला घाम फुटतो. तोच ओलावा पहाटे बाहेर गोठतो आणि काच धुरकटते. रायफल रिकामी करून, कुलूपबंद, गारव्यातच ठेवणे बरे. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा लावला की बर्फ आणि चिखल आत जात नाही.

फक्त टेबलावरून झाडणे

टेबल, पिशव्या, टी-शर्ट. रानात यातले काही नसते. जाड जॅकेटने दस्ता खांद्यापासून लांब जातो, डोळा स्कोपच्या मागे जिथे यायचा तिथे येत नाही आणि कडेने काळी सावली दिसते. म्हणून शेवटचा सराव त्याच जॅकेटात, त्याच हातमोज्यांत करा, बसून, गुडघ्यावर आणि काठीच्या टेकूवर. हरणाच्या छातीचा जिव्हाळ्याचा भाग साधारण ८ इंचांचा, जेवणाच्या कागदी ताटलीएवढा. ज्या अंतरावर, ज्या बैठकीत तुमची प्रत्येक गोळी त्या ताटलीत पडते तीच तुमची हद्द. टेबलावरून २५० यार्ड जमले म्हणून गुडघ्यावरून जमत नाही. मला विचाराल तर सगळ्या तपासणीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच सर्वांत जास्त गाळला जातो.

कानांना संरक्षण हवेच. रायफलीचा एक बार १४० डेसिबलच्या वर जातो आणि तेवढ्याने कायमचे नुकसान होऊ शकते.

सेफ्टी आहे म्हणून ती चालतेच असे धरणे

रायफल रिकामी करा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा. बोल्ट बंद करून सेफ्टी लावा, चाप जोराने ओढा, सोडा. आता चापाला हात न लावता सेफ्टी काढा. पिन पडल्याचा आवाज आला तर रायफल रानात जाणार नाही, गनस्मिथकडे जाईल. मग बोल्ट जोरात बंद करून पाहा, दस्त्याखाली रबरी चटई ठेवून हलकेच आपटून पाहा, पिन पडता कामा नये. रेमिंग्टनने एप्रिल २०१४ मध्ये एक्स-मार्क प्रो चापाच्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली परत मागवल्या होत्या, कारण काही परिस्थितीत त्या आपोआप उडण्याचा धोका होता. त्यात १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या रायफली होत्या. जुनी रायफल विकत घेताना सीरियल नंबर तपासायलाच हवा.

मचाणाकडेही असेच बघा. वर्षभर झाडावर राहिलेले पट्टे उन्हाने कुजतात आणि झाड जाड झाल्यावर ताणले जातात, दरवर्षी बदला. पूर्ण शरीराच्या हार्नेसवर बनल्याची तारीख असते, साधारण पाच वर्षांनी तो टाकून द्या. रायफल खांद्याला लावून शिडी चढू नका. ती रिकामी करून दोरीने वर ओढा.

कागदपत्रे आणि बॅग

एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगायला मनाई आहे. राज्याचे वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. मित्राची रायफल रेंजवर हातात घेणे हेही बाळगणे धरले जाऊ शकते, म्हणून आधी लायसन्स आणि मगच रेंज. लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपतो. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, दुकानदाराला नव्हे.

आणि रेंजवर नेलेली बॅग किंवा जॅकेट भारतात नेऊ नका. कप्प्यात विसरलेले एक जिवंत काडतूस मुंबई किंवा पुण्याच्या विमानतळावर एक्स-रेत दिसले की १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. ते जाणूनबुजून ठेवले नव्हते हे पुढे न्यायालयात मान्य झाले तरी तोवर तारखा, वकील आणि अडकलेला पासपोर्ट यांत महिने जातात. शिकारीची बॅग वेगळी ठेवा, तिच्यावर तसे लिहा, आणि घरातल्या सगळ्यांना ती प्रवासाला घ्यायची नाही हे सांगून ठेवा.