बातमीचा कल क्रियापदांत शोधा
बातमीतल्या प्रत्येक विधानामागचं क्रियापद अधोरेखित करा. एका पक्षाने 'स्पष्ट केलं' आणि दुसऱ्याने 'दावा केला' असं असेल, तर वार्ताहराने निवाडा आधीच दिलेला आहे: 'स्पष्ट केलं' म्हटलं की म्हणणं खरं वाटतं, 'दावा' म्हटलं की शंका चिकटते. सगळीकडे 'म्हणाले' घालून पुन्हा वाचा. तुमचं मत बदललं, तर ते पुराव्याने नव्हे, शब्दांनी घडवलं होतं. 'गोळीबार झाला' यासारखी कर्ता गाळलेली वाक्यंही तपासा, कोणी केला? कधी ते खरोखर माहीत नसतं, पण मग बातमीने तसं सांगायला हवं. आरोपांवरचं उत्तर शेवटच्या परिच्छेदात ढकललंय का, तेही बघा. अनेक वाचक तिथवर पोचतच नाहीत.