मॉडेल क्लासची तपासणी: लिंटरला न दिसणारे दोष

वेब अ‍ॅप्लिकेशनमधील मॉडेल क्लासची, म्हणजे डेटाबेसमधील टेबलचे कोडमध्ये वर्णन करणाऱ्या क्लासची, गुणवत्ता तपासायची म्हटली की आपण आधी लिंटर (कोड न चालवता त्यातील चुका दाखवणारे साधन) चालवतो, आणि ते योग्यच आहे. न वापरलेले इम्पोर्ट किंवा विसंगत नावे शोधण्यात माणसाने वेळ घालवू नये. मात्र लिंटर फक्त क्लासचा मजकूर वाचतो, आणि मॉडेलमधले महागात पडणारे दोष बहुधा क्लास व प्रत्यक्ष टेबल यांच्यामधल्या फटीत असतात. म्हणून तपासणीला बसताना मॉडेलच्या फाइलशेजारी डेटाबेसमधील टेबलची रचनाही उघडून ठेवावी. पुढील उदाहरणे जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमधील आहेत.

प्रथम मेकमायग्रेशन्स ही कमांड चेक या पर्यायासह चालवावी. मॉडेलमध्ये केलेल्या एखाद्या बदलाचे मायग्रेशन, म्हणजे तो बदल टेबलमध्ये उतरवणारी फाइल, लिहायचे राहून गेले असेल, तर ती तेथेच अपयशी ठरते.

त्यानंतर प्रत्येक नियमाबाबत एकच प्रश्न विचारावा: हा नियम नेमका कोण पाळून घेतो? समजा, एका खोलीसाठी एका तारखेला एकच आरक्षण असावे असा नियम आहे आणि तो मॉडेलच्या क्लीन या तपासणीच्या मेथडमध्ये लिहिला आहे: अशी नोंद आधीपासून आहे का ते पाहायचे आणि असल्यास त्रुटी दाखवायची. वाचताना हा कोड निर्दोष वाटतो. पण दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या, तर दोघींनाही ‘नोंद नाही’ असेच उत्तर मिळते आणि खोली दोनदा आरक्षित होते. शिवाय नोंद साठवणारी जँगोची सेव्ह मेथड क्लीनला आपणहून हाकही मारत नाही. ते काम मॉडेलफॉर्म (मॉडेलवरून तयार होणारा फॉर्म) करतो, त्यामुळे स्क्रिप्टमधून किंवा शेलमधून केलेली नोंद नियम न तपासताच आत जाते. असा नियम युनिक कन्स्ट्रेंट म्हणून, म्हणजे दुहेरी नोंद नाकारणारे बंधन म्हणून, डेटाबेसमध्येच असला पाहिजे. ही सोय जँगो 2.2 पासून, म्हणजे 2019 पासून आहे. क्लीनमधली तपासणी काढून टाकण्याचे कारण नाही, कारण वापरकर्त्याला समजेल असा संदेश तीच देते. जुन्या टेबलवर कन्स्ट्रेंट लावण्यापूर्वी दुहेरी नोंदी निस्तराव्या लागतात, नाहीतर मायग्रेशन मध्येच अडते.

सेव्ह मेथड ओव्हरराइड केलेली, म्हणजे मॉडेलमध्ये नव्याने लिहिलेली, दिसली की थांबावे. तिच्यात एकूण रक्कम काढली जात असेल, तर क्वेरीसेटवरील (डेटाबेसमधून मागवलेल्या नोंदींच्या संचावरील) अपडेट आणि बल्क क्रिएट या अनेक नोंदी एकदम बदलण्याच्या व घालण्याच्या दोन्ही मार्गांनी ती मेथड चालतच नाही, हे लक्षात घेऊन संपूर्ण प्रकल्पात हे दोन शब्द शोधावेत. सेव्हमधून ईमेल पाठवलेला आढळला, तर मी तो बदल मान्य करत नाही. डेटाबेसमधील ट्रान्झॅक्शन (एकत्र केलेले बदल) मागे घेता येते, गेलेला ईमेल नाही.

फील्डची पाहणी लवकर उरकते. पैशांसाठी फ्लोट नसावा, कारण तो दशांश अपूर्णांक अंदाजे साठवतो; डेसिमल असावा. मजकुराच्या फील्डला विनाकारण नलची (‘किंमतच नाही’ या खुणेची) मुभा नसावी, कारण मग ‘रिकामे’ या एकाच अर्थाच्या नल आणि रिकामी अक्षरमाला अशा दोन किमती होतात आणि फिल्टर लिहिणारा त्यांतली एक हमखास विसरतो. फॉरेन कीवर (दुसऱ्या टेबलमधील नोंदीकडे नेणाऱ्या फील्डवर) कॅस्केड असेल, तर ग्राहक काढून टाकल्यावर त्याची बिलेही जावीत असे खरोखर अपेक्षित आहे का, हे लिहिणाऱ्यालाच विचारावे. बिलांसाठी प्रोटेक्ट बरे, कारण ते बिले असलेला ग्राहक काढूच देत नाही.

शेवटी नोंद मजकुराच्या रूपात दाखवणारी स्ट्र मेथड पाहावी. तिच्यात संबंधित नोंदीचे, उदाहरणार्थ बिलाच्या ग्राहकाचे, नाव वापरले असेल, तर 100 नोंदींच्या यादीसाठी 1 ऐवजी 101 क्वेरी जाऊ शकतात. यादी आणणाऱ्या क्वेरीसेटला सिलेक्ट रिलेटेड जोडावे, म्हणजे संबंधित नोंदी त्याच क्वेरीत येतात, आणि असर्ट नम क्वेरीज ही टेस्टमधील मेथड वापरून क्वेरींची संख्या टेस्टमध्ये बांधून टाकावी. त्या टेस्टमध्ये किमान दोन नोंदी असाव्यात, आणि त्या वेगवेगळ्या ग्राहकांच्या. एकाच नोंदीवर हा दोष जेमतेम एका क्वेरीने वाढलेला दिसतो आणि कोणीतरी आकडा 1 वरून 2 करून पुढे जातो.