टॅप ब्लॉक: काय मिसळावं, काय शिरेतून द्यावं

टॅप ब्लॉक म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या स्नायूंच्या थरांमध्ये, नसांजवळ बधिर करणारं औषध सोडणं. आधी त्या औषधाचा, बुपिव्हॅकेनचा, हिशेब करा. समजा, पोट उघडून गर्भाशय काढलंय, छेद आडवा आहे, भूल जनरल, वजन ४५ किलो. प्रतिकिलो २ मिग्रॅ धरले तर कमाल ९० मिग्रॅ. नेहमीच्या सवयीने ०.२५ टक्क्याचं २०-२० मिली दोन्हीकडे दिलंत, तर १०० होतात. म्हणून ०.५ टक्क्याचं १६ मिली घ्या (८० मिग्रॅ). स्पायनलमध्ये (पाठीतून दिलेल्या भुलीत) १५ मिग्रॅ गेले असतील तर तेही यातून वजा.

डेक्समेडेटोमिडीनचा (ब्लॉक लांबवणारं गुंगीचं औषध) १०० मायक्रोग्रॅमचा अँप्यूल सलाइनने १० मिली करा. मिलीला १० मायक्रोग्रॅम. त्यातलं २ मिली बुपिव्हॅकेनमध्ये, वर २२ मिली सलाइन. एकूण ४० मिली, दोन सिरिंज, लेबल लगेच. डेक्समेडेटोमिडीनचा हा २० मायक्रोग्रॅमचा डोस दोन्ही बाजूंचा मिळून आहे. प्रत्येक बाजूला वेगळा धरला की दुप्पट होतो, आणि मग रिकव्हरीत नाडी ४५ वर येते. हार्ट ब्लॉक किंवा मुळातच मंद नाडी असेल तर हे औषध नकोच.

डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) ८ मिग्रॅ आम्ही शिरेतूनच देतो, भूल चढल्यावर. जाग्या पेशंटला झपकन दिलं तर गुप्तांगाजवळ असह्य जळजळ होते. शिरेतून दिलं तरी ब्लॉक लांबतो, वर उलट्या कमी. बुपिव्हॅकेनऐवजी रोपिव्हॅकेन वापरत असाल तर त्यात ते मिसळूच नका, स्फटिक तयार होतात. मधुमेह असेल तर साखर तपासत राहा. डेक्समेडेटोमिडीन आणि डेक्सामेथासोन नसेजवळ देण्याचा उल्लेख सहसा पेटीवरच्या माहितीत नसतो, हे लक्षात असू द्या.

सोनोग्राफीचा लिनियर प्रोब बरगडी आणि कमरेच्या हाडामध्ये, मधल्या काखरेषेवर आडवा ठेवा. सुईचं टोक इंटर्नल ऑब्लिक आणि ट्रान्सव्हर्सस या पोटाच्या स्नायूंमध्ये हवं. आधी २ मिली सलाइन सोडा: काळी भिंगासारखी फट उघडली तर जागा बरोबर; स्नायूच फुगला तर सुई किंचित पुढे-मागे करा. चुकीच्या थरात टाकलेल्या औषधाला कुठलीही पुरवणी वाचवत नाही. दर ५ मिलीला ॲस्पिरेशन (सिरिंज मागे ओढून रक्त येतं का बघणं).

आतड्या-गर्भाशयाकडची खोल कळ या ब्लॉकने जात नाही. पॅरासिटामॉल (इथे १५ मिग्रॅ प्रतिकिलो, ६ तासांनी) चालूच ठेवा, किडनी ठीक असेल तर डायक्लोफेनॅकही. स्पायनलमध्ये मॉर्फिन दिलं असेल तर ब्लॉकचा फायदा फारसा उरत नाही.

किमान ४५ मिनिटं मॉनिटर काढू नका. ओठांना मुंग्या, कानात गुणगुण, झटके ही बुपिव्हॅकेन रक्तात जास्त गेल्याची लक्षणं दिसली तर ऑक्सिजन आणि शिरेतून २० टक्के लिपिड (चरबीचं द्रावण) १.५ मिली प्रतिकिलो, म्हणजे इथे साधारण ७० मिली, २-३ मिनिटांत. लिपिडची बाटली ऑपरेशन थिएटरमध्येच हवी.